ठिपके पुसणाऱ्यांची शोकसभा

प्रिय मंगला,

काल तुझी शोकसभा झाली, आणि घरी आल्या आल्या मी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. इतक्या लोकांनी ते दाबले होते! तुझ्या ऑफिसच्या छोट्या साहेबांनी तर दोन्ही हातांत धरूनच ठेवले. त्यांच्या अत्तराचा वास अजून जात नाहीये. नुसती शिसारी आली आहे मला.

सांगू कुणाला? आपली मुक्ता बंगलोरहून फोनवर म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना, सोडून द्या." सोडून द्या! तूही अगदी हेच म्हणाली असतीस. पण आता तुला मला मध्येच अडवता येत नाही, एवढाच काय तो फायदा. म्हणून तुलाच लिहितो आहे. ऐक.

सभा तुझ्या ऑफिसच्या गुडगावच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. एसी इतका की बायकांनी पदर लपेटून घेतले होते. स्टेजवर तुझा मोठा फोटो. खाली हिंदीत 'श्रीमती मंगला काले'. काळे नाही, काले! पंचवीस वर्षं त्यांच्याकडे नोकरी केलीस तू. आणि त्याखाली, कुणाला तरी आपलं जर्मन मिरवायची हौस आली असणार, मोठ्या सोनेरी अक्षरांत: Danke schon.

ओ वर ठिपके नाहीत. मला जर्मन येत नाही, पण एवढं येतं. schön म्हणजे सुंदर, आणि schon म्हणजे आधीच, एव्हाना. 'मनापासून आभार'च्या ऐवजी 'आभार आधीच' असलं काहीतरी. तुझ्या फोटोखाली! तिथेच उठून यावंसं वाटलं. पण पहिल्या रांगेत बसवलं होतं मला, गळ्यात कसलंसं पांढरं उपरणं घालून.

तुला आठवतं, ही नोकरी लागली कशी? लग्न होऊन तू पुण्याहून दिल्लीला आलीस, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, मी साधा सेक्शन ऑफिसर. शेजारच्या बाईंनी सांगितलं की करोल बागेत एक गालिचेवाले लालाजी आहेत, कारखाना पानिपतला, माल जर्मनीला जातो आणि पत्रं वाचायला माणूस नाही. तू कॉलेजात जर्मन घेतलेलं. मी तुला स्कूटरवरून घेऊन गेलो. लालाजींनी आधी लस्सी पाजली आणि मग म्हणाले, "मैडम, मुझे जर्मन नहीं आती, आपको दरी-ग़लीचा नहीं आता. हिसाब बराबर. कल से आ जाइए."

माणूस होता तो. तुला कायम मॅडम म्हणाला.

इंग्रजी टाइपरायटरवर ठिपके कुठून येणार? तू u मारायचीस, एक घर मागे यायचीस आणि त्याच्या डोक्यावर अवतरणचिन्ह मारायचीस. मोठं अक्षर असलं की ते चिन्ह अक्षराच्या पोटात घुसायचं, मग तिथे बारीक निबाचं पेन. टेलेक्सवर तर तेही शक्य नव्हतं, तिथे तू ue लिहायचीस, oe लिहायचीस. एकदा लालाजींनी विचारलं, हा जादा e कशाला? तू म्हणालीस, "लालाजी, ठिपके म्हणजे e-च आहे. पूर्वी ते लोक अक्षराच्या डोक्यावर बारीक e लिहायचे. लिहून लिहून त्याच्या दोन रेघा राहिल्या, रेघांचे ठिपके झाले. डोक्यावर जागा नसेल तर शेजारी बसवायचा. पण हाकलायचा नाही." लालाजी म्हणाले, "जिसका नाम है, जैसे वो लिखता है वैसे लिखिए. बस."

घरी तू मला शिकवायला बघितलंस, आधी ü. दाढी करताना आरशासमोर! "ई म्हणा. म्हणतच राहा. आता जीभ अजिबात हलवायची नाही, नुसता ओठांचा चंबू करा." मी चंबू करायचो आणि माझा सरळ 'ऊ' व्हायचा. "जीभ हलली तुमची!" अगं, आतली जीभ तुला दिसते कशी? ö साठी म्हणे ए म्हणत राहायचं आणि ओठ ओ-चे ठेवायचे. माझा ते करताना चेहरा बघून मुक्ता जमिनीवर लोळायची. ä तेवढा मला आला, कारण तो आपल्या ए-च्या जवळचा. त्यावरही तू म्हणालीस, "ठीक आहे. थोडं तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं."

मग त्या जर्मनीच्या गिऱ्हाईक, म्योलरबाई. दरवर्षी हिवाळ्यात माल बघायला यायच्या, एकदा तू त्यांना घरी जेवायला आणलंस. साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली त्यांनी. मी त्यांना 'मोलर' म्हटलं, त्यांनी मला 'काले' म्हटलं. मग तू मध्ये बसून दोघांचा क्लास घेतलास. त्यांना ळ आला नाही, मला ö आला नाही. पण केवढा घाम गाळला त्या बाईंनी एका ळ-साठी! दिल्लीत जन्म काढलेल्या एकानेही कधी तेवढा गाळला नाही.

आणि मग ते दिवस आले. सगळं खुलं झालं, खुलं झालं असं सगळे ओरडायला लागले. ऑर्डरी वाढल्या, गालिच्यांबरोबर टॉवेलही जायला लागले. लालाजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि अमेरिकेतून एमबीए करून आलेले त्यांचे चिरंजीव, छोटे साहेब, खुर्चीत बसले. करोल बागेतलं ऑफिस विकलं, गुडगावला काचेची बिल्डिंग. मी रिटायर होणार, क्वार्टर जाणार, म्हणून आपणही तिथेच सोसायटीत फ्लॅट घेतला. काय तो सेक्टर! रस्ता नाही, दिवे नाहीत, पाण्याचा टँकर आला की साहेब-मेमसाहेब बादल्या घेऊन पळतात. तू चपला हातात घेऊन चिखलातून ऑफिसला जायचीस आणि गेटवरच्या नळावर पाय धुऊन काचेच्या दारातून आत शिरायचीस. सगळ्या गुडगावचं तेच होतं म्हणा. खाली चिखल, वर काच.

छोट्या साहेबांनी पहिल्या दिवशी काय केलं? तुला 'आंटी' म्हणाले. तू हसून सांगितलंस. मला तेव्हाच तिटकारा आला होता.

कॉम्प्युटर आले तेव्हा मला वाटलं, आता पन्नाशीत ही काय शिकणार. तू आठवड्याभरात शिकलीस! Alt दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांवर 0252, की ü. 0246, की ö. 0228, की ä. भाजी निवडतानाही पुटपुटायचीस, शून्य दोन पाच दोन. "अहो, एक घर मागे यायला नको आता!" किती खूश होतीस. नव्या मुलांनाही शिकवलंस. पानिपतच्या लेबलवाल्या ऑपरेटरला फोनवर समजावत होतीस, "भैया, ऊपर वाले नंबर नहीं, दाईं तरफ़ वाले. और Alt छोड़ना नहीं." पलीकडून तो ओरडला, "आ गया मैडम, आ गया!" जसं काही त्याला मूल झालं.

स्क्रीनवर आलं, पण लेबलं छापायच्या मशीनवर नाही आलं. ठिपक्यांच्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. म्योलरबाईंची मोठी ऑर्डर, स्वयंपाकघरातले टॉवेल. जर्मनमध्ये Küchentücher. दोन वेळा ठिपके.

मीटिंगमध्ये छोटे साहेब म्हणाले, "आंटी, ये बिंदी-विंदी हटाओ यार. जर्मनी में भी बिंदी लगाते हैं क्या?" आणि सगळे हसले. सगळे! ज्यांना तू आकडे पाठ करून दिले होतेस, तेसुद्धा.

तू म्हणालीस, "बिंदी नहीं है, अक्षर है. मशीन में नहीं आता तो e लगा दीजिए, वो लोग समझ लेंगे."

"स्पेलिंग लंबी हो जाएगी. लेबल छोटा है."

"सर, Küche रसोई है. Kuchen केक होता है. आप केक पोंछने का कपड़ा भेज रहे हैं."

"कौन देखता है, आंटी!"

गेले टॉवेल. डोक्यावर काही नाही, शेजारी काही नाही. Kuchentucher. दुकानात गिऱ्हाईक हसलं, म्योलरबाईंना सगळी लेबलं तिकडे उसवून नवी शिवावी लागली, आणि हिवाळ्याची वाट न बघता त्या तडक दिल्लीला आल्या.

आता खरं ते लिहितो. त्या संध्याकाळी तू घरी आलीस, भेंडी चिरायला घेतलीस आणि अगदी शांतपणे मला सांगितलंस. मी टीव्ही बंद केला.

खोलीत तिघंच. छोटे साहेब, म्योलरबाई आणि मध्ये दुभाषी म्हणून तू. आणि तो माणूस तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "इनको बोलिए, ये ग़लती हमारी जर्मन वाली लेडी की है. मिसेज़ काले. उम्र हो गई है, आँखें कमज़ोर हैं. हम उन्हें हटा रहे हैं."

तुलाच सांगितलं! तुझ्यावरचा आळ तुझ्याच तोंडून! हे कुठल्या एमबीएत शिकवतात गं?

मी विचारलं, "मग? तू काय केलंस?"

"काय करणार? सांगितलं."

"सांगितलं?"

"शब्दन् शब्द. त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघून विचारलं, हे खरं आहे का? मी साहेबांना सांगितलं, पूछ रही हैं, क्या यह सच है. साहेब म्हणाले, बिल्कुल. मी सांगितलं, ते म्हणतात, बिल्कुल."

मी ओरडलो. आठवतंय ना, किती ओरडलो? वरच्या मजल्यावरचे खाली डोकावून गेले. "तिथेच थोबाडीत मारायची होतीस! निदान सांगायचं तरी होतंस, मी नाही केलं!"

"मी दुभाषी म्हणून बसले होते. दुभाष्याने मध्ये आपलं तोंड घालायचं नसतं."

"मग बस आता भेंडी चिरत."

तू विळी बाजूला ठेवलीस. म्हणालीस, "ऐका तर. जर्मनमध्ये hatte म्हणजे 'होती', चूक केली होती. झालं, ठरलं, मी बघितलं. आणि त्याच्यावर ठिपके दिले की hätte. दुसऱ्याचं बोलणं सांगताना तसं म्हटलं की त्याचा अर्थ, हा असं म्हणतो बुवा, खरंखोटं त्याचं तो जाणे. आपल्या 'म्हणे'सारखं. मी प्रत्येक वाक्याला ठिपके दिले. चूक मिसेस काळेंनी केली म्हणे. डोळे अधू झालेत म्हणे. आणि तोंड चांगलं उघडून म्हटलं, कमी ऐकू यायला नको."

"आणि त्या बाईंना कळलं?"

"निघताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, फ्राऊ काळे. आणि अहो, ळ जवळजवळ आला त्यांना."

मला तेव्हा हसू आलं नाही, मंगला. खोटं कशाला सांगू, आजही येत नाही. दोन ठिपके! एवढ्या मोठ्या नीचपणाला दोन ठिपके? तुझं हे मला कधीच पटलं नाही. म्योलरबाईंनी पुढच्या हंगामापासून त्यांच्याशी व्यवहार बंद केला, हे खरं. पण तुला त्याच महिन्याच्या अखेरीला शाल, चांदीचा मुलामा दिलेला गणपती आणि केकचा तुकडा देऊन घरी पाठवलं, हेही खरं. केक! त्यांना त्यातलं काही कळलंसुद्धा नाही. तूच तेवढी हसलीस.

आणि दर दिवाळीला तू त्या घरी चकल्यांचा डबा पाठवत राहिलीस. का गं? "लालाजींसाठी जातो तो," म्हणायचीस. लालाजी अंथरुणाला खिळलेले, दातांनी काही चावलं जात नव्हतं. चकल्या कोण खात होतं? हा विचार आला की मला ओकारी यायची. तुला हे बोललो नाही असं नाही, दरवर्षी बोललो. तू दरवर्षी डबा भरलास.

आता कालचं. छोटे साहेब माईकपाशी आले. केस पांढरे व्हायला लागलेत, तेही शोभतात त्यांना. म्हणाले, "आंटी जी हमारी फैमिली थीं. क्वालिटी क्या होती है, ये हमने उनसे सीखा. एक-एक बिंदी के लिए लड़ती थीं, और हमने उनकी एक-एक बिंदी संभाल के रखी." आणि रडले. खरे अश्रू होते, मंगला! नाटक असतं तर एक वेळ सोसलं असतं. त्या माणसाला खरंच तसं वाटत होतं. स्वतःचं खोटं त्याने कधीच पचवून टाकलं होतं, आता त्याला त्याची ढेकरही येत नव्हती. याच्यासारखी किळसवाणी गोष्ट मी आयुष्यात पाहिलेली नाही. आणि सरकारी खात्यात मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

मग म्हणाले, "अंकल जी, दो शब्द."

मी उठलो. तू असतीस तर शर्ट ओढून बसवलं असतंस. माईक हातात घेतला आणि स्वच्छ सांगितलं. "वो ग़लती मेरी पत्नी ने नहीं की थी. इन्होंने ठिपके हटवाए. उसने मना किया था. फिर इन्होंने उसी के मुँह से कहलवाया कि ग़लती उसकी है. और फिर उसे निकाल दिया."

रागात मी 'ठिपके'च म्हणालो. हिंदी शब्द आठवेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले, काय हटवलं म्हणे? मला वाटलं, आता काहीतरी होईल.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. छोट्या साहेबांनी येऊन मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून माईकमध्ये म्हणाले, "अंकल जी बहुत टूट गए हैं." बायकांनी डोळे पुसले. नंतर समोसे आले.

झालं. एवढंच झालं. मी घसा फोडून सांगितलं, भरल्या सभेत सांगितलं, आणि ते समोशाबरोबर खाल्लं गेलं. तू खोलीत एका बाईला सांगितलंस, तेही आडून, आणि तिला सगळं कळलं होतं. येताना टॅक्सीत याच गोष्टीचा मला जास्त राग येत होता. तुझं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही. पण माझंही काही जमलं नाही, हे तुला सांगायला हवं.

समोसा मी खाल्ला नाही. तुझा फोटो मात्र उचलून आणला, फ्रेमसकट. वॉचमन विचारायला लागला, मी म्हटलं, बीवी है मेरी.

हे लिहिता लिहिता बेल वाजली. आज मंगळवार, मी विसरलोच होतो. नोकरी सुटल्यावर तू डायनिंग टेबलवर सुरू केलेल्या जर्मनच्या वर्गातली प्रीती. तिकडे दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहणारी, दोन बसा बदलून येणारी, कॉल सेंटरच्या जर्मन खात्यात जायचंय म्हणणारी. बरोबर अजून दोघी. दारातच उभ्या राहिल्या.

"अंकल, हमें लगा आप अकेले होंगे. आंटी ने जो चैप्टर आधा छोड़ा था, हम ख़ुद बैठ के कर लें? शोर नहीं करेंगे."

मी म्हटलं, "शोर करो. बिल्कुल करो."

आता त्या आत बसल्या आहेत. प्रीती बाकीच्या दोघींना सांगते आहे, ई बोलो, बोलती रहो, जीभ मत हिलाओ. एकीचा ü ऐकवत नाही, देवा! तिची जीभ हलते आहे, मला इथून कळतंय. कसं कळतंय, विचारू नकोस.

तेव्हा एक शब्द देतो तुला. हा वर्ग बंद होणार नाही. मंगळवारी आणि शनिवारी हे दार उघडं राहील. प्रीती शिकवेल, टेबल मी पुसून ठेवीन, सगळ्यांना चहा देईन आणि त्या शिकत असताना मध्ये बोलणार नाही. चहाचं नक्की. मध्ये न बोलण्याचं अवघड आहे, पण करीन.

अजून चिडलेला, पण तुझाच,
श्रीधर